मखमलाबाद साईडचं टर्फ: साडेतीन स्टार, आणि दीड स्टार कुठे गेला ते

आधी कामाचं सांगते. टर्फ म्हणजे भाड्याने मिळणारं प्लास्टिकच्या गवताचं मैदान, आणि हे नाशिकमध्ये मखमलाबाद साईडला आहे, मेन रोडवरून थोडं आत, आधी तिथे द्राक्षबाग होती आणि कंपाउंडच्या पलीकडे अजूनही आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली ज्या तक्रारी आहेत त्या नाशिकमधल्या बऱ्याच टर्फना जशाच्या तशा लागू होतील आणि एकट्या या मालकदादाला झोडण्यात काही अर्थ नाही. रेट संध्याकाळी तासाला १२०० रुपये, सकाळी ८००, शनिवार-रविवार दोन्हीत २०० जास्त. दोन कोर्ट आहेत, मोठ्यावर सेव्हन-अ-साइड आरामात होतं, छोट्यावर फाइव्ह. आमचा बायकांचा फुटबॉलचा ग्रुप आहे, कॉलेजच्या पोरींपासून ते दहावीत मुलगा असलेल्या आईपर्यंत सगळ्या, आणि दर आठवड्याला सगळ्यांकडून पैसे वसूल करायचं पुण्यकर्म माझ्याकडे असतं, त्यामुळे रिव्ह्यू लिहायचा हक्कपण माझाच.

चांगलं जे आहे ते खरंच चांगलं आहे. लाइट मस्त, खांब साईडला आहेत त्यामुळे कीपरच्या डोळ्यात झोत येत नाही. जाळी वरूनसुद्धा आहे, बॉल उडून द्राक्षात जात नाही. बायकांचं टॉयलेट वेगळं आहे, आतून कडी लागते, नळाला पाणी असतं, साबण असतो, आणि यावर हसणाऱ्यांनी आधी नाशिकमधली आणखी चार टर्फ एखाद्या बाईबरोबर फिरून यावीत मग हसावं. बिब्स (टीम ओळखायला शर्टावर घालायची बंडी) धुतलेले मिळतात, म्हणजे निदान आधीच्या बॅचच्या घामाचा वास तरी येत नाही. काउंटरवरचा मुलगा नीट बोलतो, दहा मिनिटं उशीर झाला तर लगेच मीटर चालू करत नाही, आणि सध्या कुंभमेळ्याच्या कामांमुळे कुठला रस्ता कधी खोदलेला असेल याचा नेम नाही म्हटल्यावर ही फार मोठी गोष्ट आहे.

आता मेन मुद्दा, गवत. म्हणजे प्लास्टिक.

लांबून बघितलं की एकदम गार हिरवंगार, फोटोला तर काय दिसतं विचारू नका. पण एकदा मॅच संपल्यावर मी खाली बसून बोटांनी पाती बाजूला करून बघितली. कॉर्नरला, जिथे फारसं कोणी जात नाही, तिथे पाती ताठ उभी आहेत, मध्ये काळे रबराचे दाणे छान भरलेले, बोट घातलं की आत रुततं. आणि मधल्या पट्ट्यात, जिथे बॉक्स क्रिकेटवाले (म्हणजे जाळीच्या आत छोट्या जागेत क्रिकेट खेळणारे) बॅटिंग करतात, तिथे पाती आडवी झोपलेली, टोकं फाटून केसांसारखे धागे निघालेले, रबर जवळजवळ गायब, नखाने खरवडलं तर डायरेक्ट वाळू आणि तिच्या खाली कापडाची शिवण लागते. गोलसमोर तीच गत. द्राक्षबागेकडच्या गोलच्या डाव्या बाजूला दोन पट्ट्यांमधला जोड सुटलाय, दोन बोटं जातील एवढा, तिथे आमच्या एका पोरीच्या बुटाचं टोक अडकलं, पाय मुरगळायचा थोडक्यात राहिला. काउंटरवर सांगितलं, तर पुढच्या वेळी तिथे फेविकॉलसारखं काहीतरी थापून ठेवलेलं दिसलं. ते पुन्हा सुटलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हल्लीचं टर्फ ज्याला सगळे थ्री-जी म्हणतात ते म्हणजे नुसतं हिरवं कार्पेट नाही. मागे कापड, त्यात ओवलेली पॉलिथिलीनची लांब पाती, त्या पात्यांमध्ये तळाला वाळू, ती वजन धरते, आणि वरती रबराचे दाणे, हे बहुतेक वेळा जुन्या टायरचा चुरा असतो. उडी मारून खाली आलात की दणका झेलतो तो हा चुरा, गुडघ्याला वाचवतो तो हा चुरा, पाती उभी धरतो तोपण हाच. म्हणजे आपण पाती बघून टर्फ चांगलं-वाईट ठरवतो पण खरा खेळ दाण्यांचा आहे, आणि दाणे तर हलत राहतात. पायाने उडतात, कडेला जाऊन साठतात, बुटांतून मोज्यांतून घरी येतात (माझ्या वॉशिंग मशीनच्या जाळीत कायम सापडतात, नवरा म्हणतो एक दिवस यातून टायर बनवू). म्हणून ते सतत ब्रश फिरवून पसरवावे लागतात, जिथे कमी झाले तिथे नवीन भरावे लागतात. यातलं काहीच इथे होत नाही.

मालकदादांना एकदा विचारलं की ब्रश कधी मारता, तर ते अगदी प्रेमाने म्हणाले, "ताई, टर्फला मेंटेनन्स नसतोच ना, म्हणून तर टाकलं." त्यांचा दोष नाही हो. टाकून देणाऱ्याने त्यांना हेच सांगून विकलं असणार. पाणी नको, माळी नको, कापणी नको, एकदा टाका आणि आठ-दहा वर्षं तास मोजत बसा. माझा सगळा वाद इथेच आहे. टर्फ ही वस्तू वाईट नाही, पण मेंटेनन्स लागत नाही हे जे वाक्य आहे ना, ते वाईट आहे. खरं गवत मेलं की पिवळं पडतं, टक्कल दिसतं, आरडाओरडा होतो. प्लास्टिक मेलं तरी हिरवंच दिसतं, तुमच्या गुडघ्याला कळतं फक्त.

मग मी एक उद्योग केला. फिफाची, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेची, टर्फसाठी टेस्टिंगची पद्धत आहे, क्वालिटी आणि क्वालिटी प्रो अशा दोन पायऱ्या आहेत, प्रो म्हणजे वरची, मोठ्या मॅचसाठीची, आणि तिचं सर्टिफिकेट टिकवायचं तर दरवर्षी पुन्हा टेस्ट द्यावी लागते. टेस्ट खूप असतात, दणका किती शोषला जातो, पाय फिरवताना स्टड (बुटाच्या तळाची बोंडं) किती पकडतो, बॉल किती लांब घरंगळतो, यातल्या बहुतेकांना मशीन लागतं. पण एक टेस्ट घरगुती आहे. बॉल २ मीटरवरून सोडायचा, वर किती उसळतो बघायचं. प्रोला ६० ते ८५ सेंटीमीटरच्या मध्ये पाहिजे, साध्या क्वालिटीला १ मीटरपर्यंत चालतं. मी घरून सुताराची टेप नेली, मैत्रिणीला स्टुलावर उभं केलं, नीट हवा भरलेला बॉल होता, बाकीच्या पोरी व्हिडिओ काढत हसत होत्या. कॉर्नरला बॉल मांडीच्या मध्यापर्यंत आला, टेपवर साधारण ७५, म्हणजे झकास. मधल्या पट्ट्यात कंबरेच्या वर आला, मीटर पार. एकाच कोर्टवर, वीस पावलांच्या अंतरात, दोन वेगळी मैदानं! कॉर्नरवरून आलेला पास मधोमध आला की अचानक उंच का उसळतो आणि आपल्याला वाटतं आपलाच फर्स्ट टच गेला, त्याचं उत्तर मला त्या टेपवर मिळालं. लॅब टेस्ट नाहीये ही, मान्य, पण फरक एवढा होता की लॅबची गरज पडली नाही.

हे उसळण्याचं प्रकरण जुनं आहे बरं का. इंग्लंडमध्ये क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबने १९८१ मध्ये त्यांच्या लोफ्टस रोड मैदानावर प्लास्टिक टाकलं, मग ल्यूटन, ओल्डहॅम, प्रेस्टन यांनीपण टाकलं. तेव्हाचं टर्फ म्हणजे कडक बेसवर वाळू भरलेलं आखूड कार्पेट, बॉल टप्पा पडला की छपराला. कीपर लोक उन्हाळ्यातपण फुल पँट घालून खेळायचे कारण डाइव्ह मारली की मांडीची सालटी निघायची. पाहुण्या टीमचे हाल आणि घरच्यांची मजा, म्हणून बाकीचे क्लब जाम भडकले, आणि शेवटी हळूहळू ते सगळं उखडलं गेलं. प्रेस्टनचं सगळ्यात शेवटी, १९९४ मध्ये. त्यानंतर थ्री-जी आलं आणि सगळ्यांना वाटलं आता प्रॉब्लेम सुटला. बऱ्यापैकी सुटलापण, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. नॉर्वेचा बोडो ग्लिम्ट क्लब बघा, आर्क्टिक सर्कलच्या वर गाव, हिवाळ्यात सूर्य दिसायची मारामार, तिथे गवत उगवणार कसं, ते टर्फवरच खेळतात आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी मोरिन्यो कोच असलेल्या इटलीच्या रोमाला ६-१ ने धुतलं. आपल्याकडे ऐझॉल एफसीने २०१६-१७ ची आय-लीग ही देशातली फुटबॉल लीग जिंकली, त्यांचं घरचं मैदानपण टर्फचं. बेंगळुरू एफसीने २०१३-१४ ला पहिल्याच सीझनला लीग मारली ती टर्फवरच्या होम ग्राउंडवर खेळून. म्हणजे टर्फवर फुटबॉल होतच नाही असं म्हणणारे जे आहेत ना, त्यांचं मी ऐकत नाही.

पण तरी प्रोफेशनल लोक परत गवताकडे चाललेत. हॉलंडमध्ये लहान क्लबांनी पैसे वाचतात म्हणून टर्फ टाकलं होतं, दिवसभर अकादमीची पोरं खेळवा, संध्याकाळी भाड्याने द्या, हिशोब मस्त बसतो. २०२५-२६ च्या सीझनपासून तिथल्या टॉप लीगमध्ये टर्फ बंद. स्कॉटलंडच्या क्लबांनी २०२४ मध्ये मतदान करून ठरवलं की २०२६-२७ पासून प्रीमियरशिपमध्ये फक्त गवत. आणि युरोपियन युनियनने २०२३ मध्ये मायक्रोप्लास्टिकचा नियम केला त्यात हे काळे दाणे सापडले, ऑक्टोबर २०३१ नंतर तिकडे ते विकायलाच बंदी. म्हणजे दाणे बुटांतून, पावसाच्या पाण्यातून, गटारातून नदीत जातात हे त्यांना पटलं. आपल्याकडे या टर्फच्या कडेचं पाणी कुठे जातं ते मी बघितलंय, सरळ बाहेरच्या नाल्यात, आणि नाशिकचा नाला शेवटी कुठे जातो ते नाशिककरांना मी सांगायला नको.

बायकांच्या फुटबॉलचा एक किस्सा इथे सांगितलाच पाहिजे. २०१५ चा महिला वर्ल्ड कप कॅनडात झाला, सगळ्याच्या सगळ्या मॅचेस टर्फवर. अ‍ॅबी वॉमबॅक (अमेरिकेची स्टार) आणि बऱ्याच देशांच्या खेळाडूंनी २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये तिकडे रीतसर तक्रार केली की पुरुषांचा वर्ल्ड कप असा कधी खेळवलाय का, मग आम्हालाच का. अमेरिकेच्याच सिडनी लेरूने टर्फवर खरचटून रक्ताळलेल्या पायांचा फोटो टाकला होता तो खूप फिरला. काही झालं नाही, जानेवारी २०१५ मध्ये केस मागे घेतली, फायनल व्हँकूव्हरच्या बीसी प्लेसला त्याच प्लास्टिकवर झाली, अमेरिकेने जपानला ५-२ ने हरवलं. आणि आता गंमत बघा, पुरुषांच्या २०२६ च्या वर्ल्ड कपसाठी हेच बीसी प्लेस निवडलं आणि फिफाची अट काय, तर गवत टाका. अमेरिकेतल्या ज्या ज्या स्टेडियमला एरवी टर्फ असतं, न्यू जर्सी, डॅलस, अटलांटा, सिअ‍ॅटल, तिथे सगळीकडे खरं गवत आणून बसवायचं, बंद छप्पर असेल तर वरून दिवे लावून वाढवायचं. पैसा होता, फक्त २०१५ ला काढला नाही. आमच्या ग्रुपमध्ये हे सांगितलं तर सगळ्यात लहान पोरगी म्हणाली, "ताई, म्हणजे आपल्याला रात्री साडेनऊचा स्लॉट मिळतो ना, तसंच झालं." बरोबर बोलली. सातचा स्लॉट इथे कायम कुठल्या तरी ऑफिसच्या बॉक्स क्रिकेटला गेलेला असतो. (दादा, वाचत असाल तर बघा काहीतरी.)

घाईघाईत प्लास्टिकवर गवत अंथरलं तरी भागत नाही हेपण लक्षात ठेवा. २०२४ च्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेला अटलांटामध्ये तसंच केलं होतं, पहिलीच मॅच, अर्जेंटिना विरुद्ध कॅनडा, आणि जिंकूनसुद्धा अर्जेंटिनाचा कोच स्कालोनी आणि कीपर मार्टिनेझ दोघांनी पिचला शिव्या घातल्या. गवताला मुळं धरायला वेळ लागतो, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही माहीत आहे.

दुखापतीचं म्हणाल तर मी डॉक्टर नाही, पण जे वाचलंय त्यात सरळ उत्तर नाहीये. युरोपातल्या क्लबांचा २००६ चा एक अभ्यास आहे त्यात थ्री-जीवर एकूण दुखापती गवतापेक्षा जास्त निघाल्या नव्हत्या, पण घोटा मुरगळण्याचं प्रमाण जास्त निघालं होतं. खेळाडूंना मात्र मनापासून टर्फ आवडत नाही. फ्रान्सचा स्टार थिएरी आन्री अमेरिकेत खेळायचा तेव्हा टर्फवरच्या मॅचेस बऱ्याचदा टाळायचा. आमच्या लेव्हलला माझं निरीक्षण एवढंच आहे की टर्फवर खेळल्यावर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि कंबर जास्त धरतात, आणि मातीवर खेळल्यावर आंघोळीला जास्त वेळ लागतो. आणि ते साल निघणं, टर्फ बर्न, ते तर विचारूच नका, गरम पाण्याचा पहिला तांब्या पडला की आई आठवते.

नाशिकचा उन्हाळा हा वेगळा चॅप्टर. लोकांना अजूनही वाटतं नाशिक म्हणजे थंड हवा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी गाठतो, आणि टर्फ उन्हात हवेपेक्षा खूप जास्त तापतं, ६० अंशांच्या वर जाऊ शकतं, कारण गवत आतलं पाणी सोडून स्वतःला गार ठेवतं, प्लास्टिक आणि काळं रबर नुसतं ऊन पिऊन बसतं. एप्रिलमध्ये एका रविवारी आम्हाला दुपारी चारचा स्लॉट मिळाला होता, स्वस्तात दिला होता, का स्वस्तात दिला ते आत पाय ठेवल्यावर कळलं. बुटाच्या तळातून चटका, टायरच्या दुकानात उभं राहिल्यासारखा वास, वीस मिनिटांत सगळ्या साईडला सावलीत. पाणी मारून देतो म्हणाले, मारलंपण, थोडा वेळ बरं वाटलं आणि मग नुसती वाफ. मेमध्ये संध्याकाळी सात वाजायच्या आधी बुक करू नका, आणि लहान मुलांना तर अजिबात नेऊ नका.

पावसाळ्यात मात्र पूर्ण मार्क. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर सगळीकडे चिखल आणि इथे पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात खेळता येतं, खाली खडी आणि भोकं असलेलं कापड आहे, पाणी निघून जातं. बॉल जरा जोरात पळतो तेवढंच. पाऊस पडत असताना खेळायला तर इतकी मजा येते की वरचा सगळा राग विसरायला होतो. आमचे नियमित खेळणारे लोक जे वाढले ते या टर्फमुळेच वाढले, हे मी नाकारत नाही. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर उजेडात, सेफ, कडी लागणाऱ्या टॉयलेटसकट खेळायची जागा बायकांना गवताच्या कुठल्या मैदानाने दिली? एकाने नाही.

आता गवताचं बघू, कारण उगाच गवत म्हणजे स्वर्ग असा समज नको. आम्ही अधूनमधून रविवारी सकाळी एका कॉलेजच्या ग्राउंडवर अकरा-अकरा खेळतो, परवानगीचं पत्र, शिपाईमामांना चहा, एवढ्यावर काम होतं. पावसाळा संपल्यापासून थंडी जाईपर्यंत तिथे जी मजा आहे ती टर्फवर कधीच येणार नाही. सकाळी दव असतं, बॉल सपसप जातो, स्लाइड मारली तर नुसता हिरवा डाग पडतो, आणि खाली पडल्यावर जमीन तुम्हाला झेलते. पण तेच मैदान मार्चनंतर बघा. गोलसमोर उघडा मुरूम, मधे मधे कुसळं, कोपऱ्यात गाजरगवत, आणि दिवाळीनंतरच्या प्रदर्शनाच्या मांडवाचे खांब जिथे रोवले होते ते खड्डे कुणी बुजवलेलेच नाहीत. तिथेही बॉलची टेस्ट केली असती तर आकडे याहून भयंकर आले असते. म्हणजे न सांभाळलेलं गवत आणि न सांभाळलेलं टर्फ यांत मी तरी न सांभाळलेलं टर्फ घेईन, निदान त्यात दगड नसतात.

फक्त मला एक गोष्ट खटकते. ज्या बर्म्युडा गवतावर उष्ण देशांतली मोठमोठी स्टेडियमं चालतात, ती म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो तीच दूर्वा. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमला २०११ मध्ये टर्फ टाकलं होतं, आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) पहिली मॅच २०१४ ला त्यावरच झाली, पण २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप आला तेव्हा ते उखडून बर्म्युडाच लावलं. त्या वर्ल्ड कपला आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला होता. नॉर्वेवाल्यांचं ठीक आहे, तिथे उगवत नाही. आणि इथे? माझे सासरे बागेतली हरळी काढायला दरवर्षी मजूर लावतात, खणा, जाळा, औषध मारा, ती बया परत येतेच. या टर्फच्या कंपाउंडला जिथे कार्पेट संपतं तिथे फटीतून हरळी आत घुसली आहे, हातभर आली आहे, आणि काउंटरवरचा मुलगा दर आठवड्याला तिच्यावर तणनाशक मारतो! मी उभी राहून बघत होते आणि मला हसावं का रडावं कळेना.

अर्थात नुसती हरळी आली म्हणजे मैदान झालं असं नाही. कापणी, पाणी, रोलर, खत, आणि सगळ्यात मोठं म्हणजे विश्रांती. गवताला दिवसाला दहा तास तुडवलं तर ते मरणारच, इथे टर्फवर सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत स्लॉट फुल असतात, गवतावर हा धंदा बसत नाही. म्हणून मोठ्या क्लबांनी मधला रस्ता काढलाय, हायब्रीड. खरं गवत असतं आणि त्यात प्लास्टिकचे धागे दर २ सेंटीमीटरवर २० सेंटीमीटर खोल शिवलेले असतात, मुळं त्यांना धरून राहतात, एकूण मैदानात प्लास्टिक अगदी थोडं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये जे गालिच्यासारखं दिसतं ते बहुतेक हेच. ते नाशिकमध्ये कोणी टाकेल असं मला या जन्मात वाटत नाही, तेव्हा ते सोडा. पण एखाद्याकडे पाण्याची सोय असलेली दोन एकर असेल तर एक कोर्ट टर्फचं आणि एक मैदान हरळीचं, आठवड्यात मोजकेच तास, रेट दुप्पट लावा, आम्ही येऊ. शपथ.

बुटांबद्दल. एफजी म्हणजे लांब स्टडवाले बूट इथे घालू नका, मधल्या पट्ट्यात दाणे नाहीत तिथे स्टड खाली टेकतो आणि जिथे दाणे आहेत तिथे रुतून बसतो, शरीर फिरतं पाय फिरत नाही. टीएफ म्हणजे छोट्या छोट्या रबरी ठिपक्यांचा तळ असतो ते घ्या. काउंटरवर भाड्याने बूट मिळतात पण साईज सातच्या खाली नसते, म्हणजे बायकांनी घरूनच आणायचे. कीपर असाल तर फुल पँट.

स्टारचा हिशोब. लाइट, टॉयलेट, स्टाफ, पावसाळा याला काही कापलं नाही. ब्रश न मारणं आणि दाणे न भरणं, याचा एक स्टार गेला. सुटलेल्या जोडाचा अर्धा, आणि हा अर्धा तर १०० टक्के टाळता आला असता, ग्लू लावून पट्टी बदलायला कारागीर किती घेतो. दादांना मी हे सगळं तोंडावर सांगितलंय, टेपचा व्हिडिओपण दाखवला, ते नाराज झाले नाहीत उलट दोनदा बघितला आणि म्हणाले क्रिकेटवाल्यांची क्रीज महिन्याला थोडी सरकवून बघतो. साधी गोष्ट आहे पण डोकं लावलं त्यांनी, झीज एकाच जागी होणार नाही. ब्रशचं विचारल्यावर मात्र "बघू ताई" म्हणाले, आणि नाशिकमध्ये "बघू" म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

बुक करणार असाल तर मोठा कोर्ट घ्या, आणि टॉस जिंकलात तर पहिल्या हाफला द्राक्षबागेकडचा गोल समोरच्यांना द्या. ॲडव्हान्स ५०० लागतो, पाऊस आला तर परत मिळत नाही पण तारीख बदलून देतात. रविवारी सकाळी पार्किंगला अर्धी जागा मिसळ खायला निघालेल्यांच्या गाड्यांनी भरलेली असते, टू-व्हीलरवरच या. आणि आमच्याकडे कीपर कायम कमी असते, बुधवारी साडेनऊला कोणी बाई-पोरगी मोकळी असेल तर सरळ येऊन उभी रहा, ग्लोव्ह्ज आमचे.